एवढं काय काम असतं रात्रभर?

व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांत दिवाळीच्या आगेमागे उन्हाळी प्लेसमेंटचा आठवडा येतो. अभ्यासक्रम सुरू होऊन जेमतेम चार-पाच महिने झालेले असतात, ताळेबंद कसा वाचावा हे नुकते उमजू लागलेले असते, आणि तेवढ्यात पुढच्या एप्रिल-मेमध्ये कोण कुठे काम करणार हे ठरून जाते. पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीत मान असतो तो गुंतवणूक बँकांना आणि सल्लागार कंपन्यांना. दहावी-बारावीचे गुण, पदवीचे कॉलेज आणि सीव्हीवरची पदे पाहून त्यांची शॉर्टलिस्ट लागते. त्या यादीत नुसते नाव येणेही वसतिगृहात मोठे समजतात. जगभरात ओढ अशीच आहे. गोल्डमन सॅक्स या एका बँकेच्या २०२४ च्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी ३ लाखांहून जास्त अर्ज आले आणि त्यांतले १ टक्काही निवडले गेले नाहीत.

मीही अशाच एका फेरीतून निवडली गेले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका गुंतवणूक बँकेत उन्हाळा काढला. बँकेचे नाव सांगत नाही. इतर बँकांत गेलेल्या वर्गमित्रांचे अनुभव ऐकले, लंडन-न्यूयॉर्कबद्दल लिहिलेले वाचले, आणि सगळीकडे तेच दिसले. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या व्यवसायातली जागरणे कामाच्या ओझ्याने होत नाहीत, ती कामाच्या मांडणीने होतात. ही मांडणी माणसांनी केलेली आहे आणि माणसांना ती बदलता येते. तरीही ती निसर्गनियमासारखी सांगितली जाते आणि विशी-बाविशीतली हुशार मुले ती तशीच स्वीकारतात. याची मला मनापासून चीड आहे.

आधी काम काय असते ते सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी या नोकरीचे कौतुक असते पण तिथे दिवसभर काय चालते हे फारसे कुणाला ठाऊक नसते. या बँका ठेवी घेत नाहीत. एखाद्या कंपनीला शेअर विकून भांडवल उभारायचे असेल, दुसरी कंपनी विकत घ्यायची असेल किंवा स्वतःचा एखादा विभाग विकायचा असेल, तर किंमत किती, खरेदीदार कोण, कागदपत्रे कशी, याची जबाबदारी त्या घेतात. भारतात या कामाची सुरुवात ग्रिंडलेज बँकेने १९६७ साली केली. स्टेट बँक १९७२ साली यात उतरली. आज हे काम करायला सेबीची नोंदणी लागते आणि त्याचे नियम १९९२ सालचे आहेत. माणसांची उतरंड मात्र परदेशी बँकांच्या नमुन्यावर बेतलेली आहे. तळाशी ॲनालिस्ट, त्यावर असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर आणि सर्वांत वर मॅनेजिंग डायरेक्टर. इंटर्न ॲनालिस्टच्याही खाली.

माझ्या वाट्याला दोन प्रकारची कामे आली. त्यांतल्या फरकात माझा सगळा मुद्दा आहे.

पहिले काम एका आयपीओचे होते. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी होती आणि तिचा माहितीपत्रकाचा मसुदा सेबीकडे दाखल करायचा होता. असा मसुदा सहज चार-पाचशे पानांचा असतो. त्यातल्या प्रत्येक विधानामागे पुरावा लागतो. त्याला तिथे ‘बॅकअप’ म्हणतात. ‘आमचा कारखाना अमुक एकरांवर आहे’ असे लिहिले तर जमिनीची कागदपत्रे हवीत. ‘आम्ही या क्षेत्रातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक आहोत’ असे लिहिले तर ते कुठल्या अहवालाच्या कितव्या पानावर म्हटले आहे ते दाखवायला हवे. इंटर्नने एकेक वाक्य घ्यायचे, त्याला क्रमांक द्यायचा, त्याचा पुरावा शोधून त्याच क्रमांकाने जोडायचा.

पहिल्या दहा ग्राहकांकडून किती टक्के विक्री होते हा आकडा त्या मसुद्यात तीन ठिकाणी होता. जोखमीच्या प्रकरणात, कंपनीच्या व्यवसायाच्या प्रकरणात आणि व्यवस्थापनाने केलेल्या विश्लेषणात. दोन ठिकाणी तो जुळत होता, तिसरीकडे थोडा कमी येत होता. ग्राहकांची यादी तीच, वर्ष तेच. बराच वेळ आकडेमोड केल्यावर कळले की तिसऱ्या ठिकाणी भागाकार एकूण उत्पन्नाने केला होता. त्यात ठेवींवरचे व्याज आणि जुनी यंत्रे विकून आलेला फायदाही धरला होता. बाकी दोन ठिकाणी भागाकार फक्त कामकाजाच्या महसुलाने होता. फरक टक्क्याच्या काही अंशांचा. मी तो आमच्या असोसिएटला दाखवला. तो सांगलीकडचा होता. खुर्ची माझ्याजवळ ओढून त्याने तिन्ही पाने शेजारी-शेजारी ठेवली आणि म्हणाला, “सापडलं ते बरं झालं. बघ गं, उद्या कुणीतरी रिटायर झालेला माणूस याच कागदावर विसंबून आपले पैसे लावणार. आकडा सगळीकडे एकच पाहिजे.”

वर्गात आम्हाला वित्तीय विश्लेषण शिकवले होते, पण सार्वजनिक कागदावरच्या वाक्याची जबाबदारी म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळले. या कामासाठी रात्रीही जागवल्या आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. माहितीपत्रकातले आर्थिक आकडे सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत. मुदत टळली तर लेखापरीक्षकांपासून सगळ्यांना पुन्हा कामाला बसावे लागते. शिवाय बाजार पडला तर महिनोन्महिने थांबावे लागते. दाखल करण्याच्या आदल्या रात्री बँकर, वकील, लेखापरीक्षक आणि कंपनीचा हिशेबनीस असे सगळे एका खोलीत होते. व्हाइस प्रेसिडेंटही पहाटेपर्यंत आमच्याबरोबर पाने वाचत होती. त्या रात्री कशासाठी जागतो आहोत हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होते.

दुसरे काम ‘पिच’चे. अजून न मिळालेले काम मिळवण्यासाठी बँक एखाद्या कंपनीच्या प्रवर्तकांना भेटते आणि सोबत एक जाडजूड सादरीकरण नेते. बाजाराची स्थिती, स्पर्धक कंपन्यांचे मूल्यांकन, आजवर झालेले तत्सम व्यवहार, कुणाला विकता येईल त्यांची यादी आणि शेवटी बँकेच्या कर्तबगारीची पाने. या पिचने माझ्या उन्हाळ्याच्या बहुतेक रात्री खाल्ल्या.

एक दिवस कसा जायचा ते सांगते. सकाळी साडेनऊ-दहाला पोहोचायचे. पानांचा मसुदा आदल्या रात्रीच वर पाठवलेला असायचा, म्हणून आता वाट पाहायची. असोसिएट दुसऱ्या व्यवहाराच्या कॉलवर. व्हाइस प्रेसिडेंट बैठकीत. मॅनेजिंग डायरेक्टर अहमदाबादला किंवा दिल्लीला. दुपारी जेवण, मग पुन्हा वाट. या वेळात मी जुनी सादरीकरणे वाचत असे. शेजारचा ॲनालिस्ट स्क्रीनवर काहीतरी उघडे ठेवून बसत असे, कारण रिकामे दिसून चालत नाही. संध्याकाळी सात-साडेसातला वरिष्ठांचे दिवसाचे कॉल संपायचे आणि ती माणसे आमची पाने उघडायची. आठ-साडेआठला कॉमेंट्स यायच्या, कधी प्रिंटवर लाल पेनाने लिहिलेल्या, कधी फोनवरून काढलेल्या फोटोंतून. हा आलेख उभा करा. या सहा कंपन्यांऐवजी त्या आठ घ्या. तळटीप बदला. रंग जुळत नाहीत. आणि प्रत्येकीच्या खाली एकच अपेक्षा, सकाळपर्यंत. आमचा खरा कामाचा दिवस तिथून सुरू व्हायचा. एक-दीडला असोसिएटकडे पान गेले की त्याच्या दुरुस्त्या, त्या झाल्या की व्हाइस प्रेसिडेंटच्या, आणि दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींच्या उलट असल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

मी डोंबिवलीची. बँकेची गाडी पहाटे घरी सोडायची तेव्हा आई जागी असायची. तिने आयुष्यभर कष्ट केले आहेत, जागरण तिला नवे नाही. तिने एकदा साधेपणाने विचारले, “एवढं काय काम असतं गं रात्रभर? दिवसा काय करता मग?” मला तिला उत्तर देता आले नाही. मला वाटते या व्यवसायाला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे.

दिवसा आम्ही वाट पाहत होतो. अमुक भेटीत कंपनीला नेमके काय सांगायचे आहे हे मॅनेजिंग डायरेक्टरने सकाळी पंधरा मिनिटे देऊन सांगितले असते, तर साठ पानांची वीस झाली असती आणि ती संध्याकाळी सहाला तयार झाली असती. पण तसे कुणी सांगत नाही. आधी सगळे बनवा, मग बघून ठरवू, अशी रीत आहे. जी भेट मला ऐकायला मिळाली ती अर्ध्या-पाऊण तासाची होती. प्रवर्तकांनी पहिली तीन-चार पाने उलटली, सादरीकरण बाजूला सारले आणि आपल्या भावाच्या वाटणीबद्दल बोलायला लागले. त्यांचा खरा प्रश्न तो होता. आमच्या साठ पानांत त्याबद्दल एक ओळ नव्हती.

अशी उधळपट्टी टिकून राहते ती कशामुळे? वरिष्ठांच्या दुष्टपणामुळे नव्हे. मला भेटलेली बहुतेक माणसे सभ्य होती, काही तर मायेने वागणारी होती. कारण हिशेबात आहे. वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये अनेक कामांचे पैसे तासावर लागतात, म्हणून तिथे प्रत्येक जण कुठल्या कामाला किती वेळ दिला हे लिहून ठेवतो. गुंतवणूक बँकेला मोठी फी व्यवहार पूर्ण झाल्यावर मिळते आणि ती व्यवहाराच्या रकमेच्या टक्केवारीने ठरते. त्या व्यवहारावर ॲनालिस्टने चाळीस तास घालवले की चारशे, याने फीत एका रुपयाचा फरक पडत नाही. ॲनालिस्टचा पगार वर्षाचा, इंटर्नचा स्टायपेंड ठरीव. म्हणजे त्यांच्याकडून आणखी एक तास काढून घ्यायला बँकेला काहीच खर्च येत नाही. जी गोष्ट फुकट मिळते ती जपून वापरली जात नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात. भांडवलाचा एकेक पैसा कुठे लावावा हे दुसऱ्या कंपन्यांना सांगणारी ही संस्था आपल्याच माणसांच्या वेळेची नोंदसुद्धा ठेवत नाही.

यंत्रे आली म्हणजे हे सुटेल असे कुणी म्हणते तेव्हा मला पटत नाही. व्हिसिकॅल्क हे पहिले लोकप्रिय स्प्रेडशीट १९७९ साली आले. त्याआधी हेच तक्ते हाताने भरत आणि एक गृहीतक बदलले की सगळे पान खोडावे लागे. संगणकाने ते काही सेकंदांवर आणले, तरी रात्री सुटल्या नाहीत, कारण आता दहा गृहीतके बदलून पाहायला सांगणे सोपे झाले. कृत्रिम बुद्धिमत्ता मसुदे लिहू लागली तरी वरून काय हवे हे सकाळी कुणी सांगणार नसेल, तर साठ पानांची दीडशे होतील आणि ती तपासायला कुणीतरी पहाटेपर्यंत बसेल.

या व्यवसायाला इशारे मिळाले नाहीत असेही नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंच या बँकेतला उन्हाळी इंटर्न मोरित्झ एरहार्ट त्याच्या राहत्या जागी मृतावस्थेत सापडला. तो जर्मनीचा, २१ वर्षांचा होता आणि त्याची इंटर्नशिप संपत आली होती. सलग काही रात्री त्याने जागून काम केल्याच्या बातम्या आल्या. मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो अपस्माराच्या झटक्याचा. थकवा हे त्यामागचे निमित्त असू शकते, पण तसे सिद्ध होत नाही, असे चौकशी अधिकाऱ्यांनी म्हटले. म्हणून कामाने त्याचा जीव घेतला असे मी लिहिणार नाही. पण त्या मृत्यूनंतर बँकांनी जे केले ते बोलके आहे. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने कनिष्ठ कर्मचाऱ्यांसाठी शुक्रवारी रात्री ९ ते रविवारी सकाळी ९ सुट्टी ठरवली. २०१५ साली उन्हाळी इंटर्नना सांगितले की मध्यरात्री ते सकाळी ७ कार्यालयात थांबायचे नाही. मध्यरात्रीपर्यंत थांबणे त्यात सुधारणा म्हणून मोजले गेले.

पुढे २०२१ साली गोल्डमन सॅक्समधल्याच पहिल्या वर्षाच्या १३ ॲनालिस्टनी स्वतःची पाहणी करून वरिष्ठांपुढे ठेवली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्री ५ तास झोप. त्यांची मागणी होती ८० तासांच्या मर्यादेची. काही महिन्यांत या क्षेत्रात पगार वाढले आणि अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या ॲनालिस्टचा मूळ पगार १ लाख डॉलरच्या वर गेला. मागितला होता वेळ, मिळाला पैसा. २०२४ साली जेपी मॉर्गनने कनिष्ठ बँकरांसाठी ८० तासांची मर्यादा घातली, तीही व्यवहार ऐन रंगात असेल तर सूट ठेवून. या सगळ्या उपायांत एक साम्य आहे. कुणी तासांवर छत घातले, कुणी पगार वाढवला, पण कॉमेंट्स रात्री साडेआठला का येतात हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

मुंबईत बसून हे वाचताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. आठवड्याची सुट्टी या शहरात आपोआप आलेली नाही. गिरणी कामगारांना सातही दिवस जुंपले जात होते तेव्हा ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनी मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे १० हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या गिरण्यांच्या आवारांत, लोअर परळच्या कमला मिलमध्ये, फिनिक्समध्ये, आज काचेची कार्यालये आहेत आणि त्यांत वित्त व्यवसायातलीही आहेत. रविवारी सकाळी तिथे दिवे जळताना मी पाहिले आहेत. गिरणीला भोंगा होता. पाळी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे साऱ्या परळला ऐकू यायचे, म्हणून जास्त राबवले तर ते दाखवता यायचे, मोजता यायचे, त्यावर भांडता यायचे. आमच्या कामाला भोंगा नाही. फोन खिशात असतो आणि पाळी त्यात असते.

कायदाही इथे थबकतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तेव्हा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाचे काम करणाऱ्यांना त्यातून वगळले. वित्त क्षेत्रात पहिल्या दिवसापासून मोठे पदनाम मिळते, त्याचा हाही एक परिणाम. इंटर्न तर पुरता कर्मचारीही नसतो. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका मोठ्या लेखा फर्ममधली २६ वर्षांची सनदी लेखापाल नोकरीला लागून काही महिन्यांतच वारली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. त्यानंतर कामगार विभागाने तपासणी केली तेव्हा त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे समोर आले. पांढरपेशा कामाच्या दारापर्यंत आपला कामगार कायदा एखाद्या मृत्यूनंतरच पोहोचतो, हे आपण किती दिवस चालवून घेणार आहोत?

यावर मला नेहमी ऐकावे लागते की कुणी बळजबरी केली होती का? पैसे चांगले मिळतात, शिकायला मिळते, दोन वर्षे सोसले की आयुष्याची सोय होते. पैशाबद्दल मी वाद घालणार नाही. माझ्या उन्हाळी स्टायपेंडची रक्कम ऐकून घरात दोन मिनिटे शांतता झाली होती. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा तीत महिन्याला ५ हजार रुपये ठरले होते, हे लक्षात घेतले तर आम्ही फार सुस्थितीत आहोत. पण ‘दोन वर्षे सोसा’ हे म्हणणे तपासून पाहायला हवे. अलेक्झांड्रा मिशेल या अभ्यासिकेने दोन गुंतवणूक बँकांतल्या तरुणांचा सुमारे ९ वर्षे मागोवा घेतला आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. पहिली काही वर्षे ही माणसे शरीराला हुकमाचे ताबेदार समजून पळवतात. चौथ्या वर्षाच्या सुमारास शरीर उलटते. आजार, व्यसने, निद्रानाश सुरू होतात आणि त्याबरोबर कामातली कल्पकता व निर्णयशक्तीही ढासळते. तिथपर्यंत माणूस असोसिएट झालेला असतो आणि त्याच्या हाताखाली नवा ॲनालिस्ट आलेला असतो.

बळजबरीचे म्हणाल तर ती बोलून होत नाही. इंटर्नशिपच्या शेवटी प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे कायम नोकरीचा प्रस्ताव, मिळते किंवा मिळत नाही, आणि ती कशावर ठरते हे कुणी सांगत नाही. मग मुले दिसण्यावर भर देतात. तिथे त्याला ‘फेस टाइम’ म्हणतात. काम संपले तरी आधी कोण उठतो याकडे सगळ्यांचे डोळे असतात. माझ्याबरोबरच्या इंटर्नमध्ये मूल्यांकनाचे मॉडेल सर्वांत चांगले बांधणारी मुलगी कोण होती हे मला माहीत आहे. तिच्या घरी आजारी वडील होते आणि रात्री साडेनऊनंतर थांबणे तिला अवघड जाई. ती लॅपटॉप घेऊन घरी जायची आणि रात्री दोनला न चुकता काम पूर्ण करून पाठवायची. तिला ऑफर आली नाही. कारण विचारल्यावर सांगण्यात आले की टीममध्ये थोडी कमी मिसळली. या धंद्यातली निवड गुणांवर होते यावर माझा विश्वास तेव्हा उडाला. चोवीस तास हाताशी असणे ही जर खरी कसोटी असेल, तर ती उत्तीर्ण होतो तो ज्याच्या मागे घरचे कुणाचे करायचे नाही, ज्याला भाड्याने कार्यालयाजवळ राहणे परवडते, ज्याला रात्री बारानंतर बाहेर असण्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१५ च्या ‘पेडिग्री’ या पुस्तकात अमेरिकेतल्या अशाच संस्थांची नोकरभरती तपासली आहे. मुलाखत घेणारे आपल्यासारखाच माणूस शोधतात, हे त्यांचे निरीक्षण. आमच्याकडे तो शोध मुलाखतीनंतर आणखी आठ-दहा आठवडे चालू राहतो.

आणखी एक परिणाम आहे. तो मला सर्वांत गंभीर वाटतो. एका विलीनीकरणाच्या मॉडेलमध्ये ‘सिनर्जी’ची ओळ भरायचे काम माझ्याकडे आले. दोन कंपन्या एक झाल्या की खर्च किती वाचेल याचा तो अंदाज. कर्मचारी खर्चापुढे किती टक्के घालू असे विचारले तेव्हा उत्तर आले की आधीच्या व्यवहारांत काय होते ते बघून मधला आकडा घाल. मी आकडा घातला, सोबतच्या चौकटीतले मूल्यांकन वाढले आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो. रात्रीचा एक वाजून गेला होता. तो टक्का म्हणजे कुठल्यातरी गावातल्या कारखान्यातली माणसे आहेत, हा विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला. पानावर तेव्हा तो आकडा कायम झालेला होता. कॅरन हो या मानववंशशास्त्रज्ञ स्वतः वॉल स्ट्रीटवर नोकरी करून कपातीत बाहेर पडल्या. त्यांनी २००९ च्या ‘लिक्विडेटेड’मध्ये दाखवले आहे की बँकर स्वतःच्या अस्थिर, अखंड धावपळीच्या जगण्यालाच आदर्श मानू लागतात आणि इतर कंपन्यांनाही तोच साचा लावतात. माझ्या अनुभवाशी ते जुळते. आपल्या तासांना किंमत नाही हे ज्याच्या अंगवळणी पडले, त्याला दुसऱ्याच्या तासांची किंमत दिसणे कठीण जाते. म्हणून हा प्रश्न सुस्थितीतल्या काही मुलांच्या झोपेपुरता नाही. उद्या कारखान्यांचे भवितव्य ठरवणारी ही मुले आहेत.

कष्टाशिवाय काही मिळत नाही, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवले जाते आणि ते खरेच आहे. मीही ते मानते. पण तीन प्रकरणांतला आकडा जुळवण्यासाठी केलेले कष्ट आणि कुणाला वेळ नव्हता म्हणून रात्री सुरू झालेले काम, यांना एकाच मापाने मोजून दोन्हींचे कौतुक करणे मला मान्य नाही. पहिल्याने माणूस घडतो. दुसऱ्याने त्याला एवढेच कळते की वरच्याची सोय हाच कामाचा नियम. निवासी डॉक्टर रात्रभर जागतो तेव्हा समोर रुग्ण असतो, तरीही त्याच्या तासांवर जगभर वाद होतात आणि नियम केले जातात. रंग न जुळणाऱ्या आलेखासाठी जागण्याला तर तो आधारही नाही.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. पिचच्या प्रत्येक कामाला वरिष्ठांनी सुरुवातीला बसून प्रश्न काय ते एका पानावर लिहावे. संध्याकाळी सहानंतर आलेल्या कॉमेंट्स दुसऱ्या दिवसाच्या मानाव्यात, दाखल करण्याची मुदत असेल तेव्हाचा अपवाद सोडून. वकिलांसारखी तासांची नोंद ठेवावी आणि कुठल्या मॅनेजिंग डायरेक्टरच्या कामात किती रात्री जातात हे त्याच्या बोनसच्या वेळी समोर ठेवावे. मात्र बँका हे आपण होऊन करतील असे मला वाटत नाही. दारात लाखो अर्ज पडलेले असताना त्यांनी का करावे?

दबाव येऊ शकतो तो संस्थांकडून आणि आमच्यासारख्या विद्यार्थ्यांकडून. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने आपल्याकडे प्लेसमेंटचे अहवाल कसे छापावेत याची मानके तयार झाली, कारण संस्था पगाराचे फुगवलेले आकडे मिरवत होत्या. त्या मानकांमुळे निदान पगाराबद्दल खरे बोलण्याची शिस्त आली. तासांबद्दल कुणीच काही छापत नाही. उन्हाळी प्लेसमेंटच्या बातमीत सर्वाधिक स्टायपेंड किती, सरासरी किती, कुठल्या बँका आल्या हे ठळक असते. परत आलेल्या विद्यार्थ्यांना हे विचारून त्याच अहवालात छापता येईल की आठवड्याला सरासरी किती तास काम झाले, मध्यरात्रीनंतर किती वेळा थांबावे लागले, प्रत्यक्ष व्यवहारावर काम मिळाले की फक्त सादरीकरणांवर, आणि किती मुलांना व किती मुलींना ऑफर मिळाली. नावे नकोत, गोपनीय माहिती नको. प्रत्येक संस्थेत प्लेसमेंट समिती विद्यार्थ्यांचीच असते आणि अर्जाचा नमुना तीच तयार करते.

मी आमच्या समितीकडे असा नमुना लिहून दिला आहे. तुम्ही कुठल्याही संस्थेत पहिल्या वर्षाला असाल, किंवा तुमचा मुलगा, मुलगी, भाची तिथे असेल, तर तुमच्या समितीकडेही तो मागा. ऑक्टोबरमध्ये शॉर्टलिस्ट लागण्याआधी स्टायपेंडच्या रकान्याशेजारी तासांचा रकाना भरलेला असला पाहिजे.